हलू नको, टाके तुटतील

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर पुण्याहून मोठं ऑपरेशन करून माणूस परत आला, की घरादाराची माया एकाच आज्ञेत गोळा होते: हलू नको, टाके तुटतील. सून कूस बदलून देते, नातू पाण्याचा पेला तोंडाला लावतो, आणि बघायला आलेले पाहुणे उशाशी नारळ आणि बिस्किटांचा पुडा ठेवून तेच पुन्हा बजावून जातात. या मायेवर शंका घ्यायचं कारण नाही. पण खुब्याचं, पोटाचं किंवा हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ती अपाय करते, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. रुग्णालयात ते सांगायची वेळ येते तेव्हा नातेवाईक बहुधा बिलाच्या खिडकीशी असतात.

ही समजूत मुळात गावाची नाहीच. ती दवाखान्याने गावाला दिली. 12 जानेवारी 1924 रोजी पुण्याच्या ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी येरवड्याचे कैदी गांधीजी यांचं अपेंडिक्स काढलं. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पार पडलं, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. पुढचं कमी सांगितलं जातं. 5 फेब्रुवारीला सुटका झाली तेव्हाही ते रुग्णालयातच होते, आणि हवापालटासाठी जुहूला गेले ते मार्चमध्ये. त्या काळी दीर्घकाळ अंथरूण धरणं हा उपचाराचाच भाग होता. शिकागोच्या एमिल रीस यांनी 1899 मध्येच रुग्णाला लवकर उठवा असं मांडलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या महायुद्धात खाटा अपुऱ्या पडल्या, रुग्णांना लवकर उठवणं भाग पडलं, आणि त्याने त्यांचं बिघडलं नाही. 1947 मध्ये रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाचे धोके एकेका अवयवागणिक मांडले. 1990 च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी वेदनांवर नीट उपाय, लवकर खाणं आणि लवकर उठणं यांची सांगड घातली. वैद्यकाने आपलं मत बदललं. वस्तीवर मात्र जुनंच चालू राहिलं.

पडून राहिलेल्या शरीरात काय होतं? चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि शिरांमधलं रक्त हृदयाकडे ढकलतात. पाय निपचित पडला की रक्त साचतं, गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीवावर बेततं. टाके दुखतात म्हणून माणूस वरवर श्वास घेतो; फुप्फुसांचा तळ मिटतो, कफ साठतो. निरोगी वृद्धांना नुसतं दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात पायांचं मांस सुमारे एक किलोने झिजलं. आपल्याकडचा सत्तरीतला, आधीच सुकलेला शेतकरी तेवढं कुठून आणणार?

यावरचे उपाय इतके साधे आहेत की त्यांना औषध म्हणायला लोक तयार होत नाहीत. जागेपणी दर तासाला दहा-बारा वेळा पावलं वर-खाली करायची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबत मांडी आवळायची, पाच आकडे मोजून सोडायची. टाच अंथरुणावरून सरकवत गुडघा वाकवायचा. टाक्यांवर उशी धरून खोकायचं. आणि श्वासाच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं यंत्र! घरोघरी ते जोरजोरात फुंकलं जातं. खरं तर नळीतून श्वास आत ओढून गोळ्या वर धरायच्या असतात.

मात्र एकाचा व्यायाम दुसऱ्याला चालत नाही, म्हणून मोबाइलवरच्या व्हिडिओवर भिस्त ठेवू नये. खाटेच्या पायथ्याला साडी बांधून तिला धरून उठण्याची आपल्याकडची युक्ती बायपासच्या रुग्णाला घातक, कारण छातीचं हाड सांधायला दीड-दोन महिने लागतात. खुब्याचा सांधा मागच्या बाजूने बदलला असेल तर गुडघा कमरेच्या वर नेणं आणि पायावर पाय टाकणं बंद. एकाच पोटरीला सूज आली किंवा अचानक धाप लागली, तर व्यायाम थांबवून थेट दवाखाना गाठायचा.

शिवाय व्यायामाची छापील चित्रं रुग्णालयातल्या सपाट पलंगाची असतात. आमच्याकडे बाज असते. झोळ पडलेल्या बाजेवर कंबर आधीच खड्ड्यात. टाच सरकवायला सपाटी नाही, कूस बदलायला आधार नाही. जमिनीवरच्या अंथरुणातून खुब्याच्या रुग्णाला उठवणं तर त्याहून कठीण. बाजेवर फळी टाका, हे डिस्चार्ज कार्डावर लिहायला कितीशी शाई लागते?

कार्डाच्या मागे पैशाचा प्रश्न आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेने गरिबाला मोठं ऑपरेशन आवाक्यात आणलं, हे तिचं मोठं काम. पण डिस्चार्जनंतर तिची जबाबदारी दहा दिवसांची. स्नायू परत मिळवायला महिने लागतात. फिजिओथेरपिस्ट शिरूर-दौंड शहरांत भेटतील. मळ्यातल्या घरी रोज येणारा कोण, आणि त्याची फी कोण देणार?

या सगळ्या युक्तिवादाची एक बाजू मला खटकते. अंथरूण धरायची चैन सगळ्यांना कुठे असते? कर्त्या पुरुषाला महिनाभर कुणी खाली उतरू देत नाही. पिशवी काढलेली सून पंधरवड्यात चुलीपुढे असते. भीमाकाठच्या उसात बीडकडून येणाऱ्या टोळ्यांमधल्या बायांचं तर विचारूच नये. त्यांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांसाठी 2019 मध्ये सरकारला आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. कोपीतल्या अशा बाईला हालचालीचं महत्त्व सांगणं ही क्रूर थट्टा ठरेल. तिला मोळी न उचलण्याचे सहा आठवडे हवेत, मजुरीसकट.

म्हणजे घरी जाऊन कुणाला हलवायचं आणि कुणाला थांबवायचं, हे पाहणारं माणूस हवं. ते गावात आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला पाहतात, आणि त्याचे पैसे ठरलेले आहेत. मोठ्या ऑपरेशननंतर अशाच भेटी ठरवता येतील: फळी आहे का, पोटरी सुजली का, यंत्र फुंकतात की ओढतात, सून पाण्याचा हंडा उचलते का. आशाताईंवर आधीच कामाचं ओझं आहे, हा आक्षेप रास्त आहे; म्हणूनच त्यांना आधी प्रशिक्षण आणि दर भेटीमागे वेगळा मोबदला मिळायला हवा, आणि तो ऑपरेशनच्या पॅकेजमधूनच द्यावा.