देवांची कथा आणि देवांच्या याद्या

1928 साली सीरियाच्या किनाऱ्यावर, लताकियाच्या उत्तरेला, एका शेतकऱ्याचा नांगर दगडाला अडला आणि खाली जुने थडगे निघाले. पुढच्या वर्षी क्लोद शेफर यांनी जवळच्या रास शाम्रा या टेकाडावर उत्खनन सुरू केले आणि इसवी सनापूर्वी बाराव्या शतकाच्या सुरुवातीला उद्ध्वस्त झालेले उगारित नगर उजेडात आले. तिथल्या मातीच्या पाट्यांवरची तीस चिन्हांची लिपी वर्ष-दीड वर्षात वाचता येऊ लागली. तोवर कनानी धर्माची माहिती मुख्यतः त्याच्या विरोधकांकडून, म्हणजे हिब्रू बायबलमधल्या निषेधातूनच मिळत होती. आता बआल, एल, अनात, अथिरत या देवतांविषयी त्यांच्याच उपासकांनी लिहिलेला मजकूर हाती आला. गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, या पाट्यांच्या आधारे नवी पूजापद्धती रचणारे छोटे गट तयार झाले आहेत. ‘नातिब कादिश’ हे त्यांतले एक नाव. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. उगारितचे लोक स्वतःला कनानी समजत होते असे दिसत नाही. तिथल्या एका यादीत ‘कनानी’ माणसाची नोंद परका म्हणून झाली आहे. तरी भाषा आणि देवमंडळ इतके जवळचे आहे की कनानी धर्माचा अभ्यास उगारितला वगळून होत नाही. माझे म्हणणे असे की मेलेल्या धर्मातून नवा विधी रचण्यात गैर काही नाही, पण हे नवे रचनाकार बहुधा चुकीच्या पाट्यांपासून सुरुवात करतात.

त्यांना मोह पडतो तो बआलच्या महाकथेचा. सहा पाट्यांवर इलिमिल्कू नावाच्या लेखनिकाने ती कोरली आहे. बआल समुद्रदेव यामला हरवतो, झाफोन पर्वतावर महाल बांधतो, मग मृत्यूचा देव मोत त्याला गिळतो, अनात मोतचे तुकडे करून पेरते आणि बआल परत येतो. एवढे नाट्य आयते मिळाल्यावर कोणाला त्याची पूजा बसवावीशी वाटणार नाही? एकाने बआल व्हायचे, एकाने मोत, शेवटी पाऊस आणि जयजयकार. पण उगारितमध्ये कथेच्या पाट्यांखेरीज विधींच्याही पाट्या सापडल्या आहेत आणि त्यांचा सूर अगदी वेगळा आहे. त्या जमाखर्चाच्या वहीसारख्या कोरड्या आहेत: अमुक देवाला एक मेंढा, तमुक देवीला एक गाय, यातले इतके पूर्ण जाळायचे, इतके ‘शलमीम’ म्हणजे वाटून खायचे. बळी घेणाऱ्यांच्या आणि देवांच्या या याद्यांत याम आहे, पण मोत नाही. कथेत बआलला पुरून उरणाऱ्या देवाला पूजेत एक मेंढाही मिळत नाही. कथा आणि कर्मकांड ही दोन वेगळी खाती होती, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

या याद्यांतली एक पाटी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. ‘पहिल्या द्राक्षरसाचा’ महिना, म्हणजे साधारण आपला भाद्रपद-आश्विन. अमावस्येनंतरच्या पहिल्या चंद्रदर्शनाच्या दिवशी एलसाठी द्राक्षांचा घड तोडायचा. तेराव्या दिवशी राजाने स्नान करून शुद्ध व्हायचे. मग पौर्णिमेच्या आसपास बळींची लांबलचक यादी येते, कोणत्या देवाला किती आणि कोणत्या क्रमाने. पुढे राजाने छतावर बळी द्यायचा आणि तिथे तोडलेल्या फांद्यांच्या झोपड्या उभारायच्या, चार इकडे आणि चार तिकडे. विधी संपला की राजा मोकळा झाल्याची नोंद येते. आपल्या भाषेत सांगायचे तर राजाचे सोवळे सुटते. ही नोंद अशा पाट्यांवर पुन्हा पुन्हा भेटते. म्हणजे पवित्र अवस्थेत शिरणे जितके महत्त्वाचे, तितकेच ठरल्या वेळी तिच्यातून बाहेर पडून रोजच्या कामाला लागणेही. आजच्या अध्यात्माला माणसाने सदासर्वकाळ पवित्र भावनेत असावे असे वाटते. उगारितचा पुरोहित त्याला सरळ घरी पाठवतो. मला त्याचा हा व्यवहारीपणा कथेतल्या सगळ्या गडगडाटापेक्षा जास्त विचार करायला लावणारा वाटतो.

यावर जाणकार वाचक म्हणेल की कथा आणि विधी इतके तुटलेले नव्हते. पहाट आणि सांज या जुळ्या देवांच्या जन्माची जी पाटी आहे, तिच्यात कथेच्या मधोमध सूचना येतात: हे सात वेळा म्हणावे, आणि सेवकांनी त्याला उत्तर द्यावे. हे खरे आहे, आणि म्हणूनच ती पाटी नव्या रचनेला उपयोगी आहे. पण जिथे कथा विधीत म्हणायची होती तिथे लेखनिकाने तशी खूण केली, हेही तिच्यावरूनच कळते. बआलच्या महाकथेला पूजेची संहिता मानावे इतक्या सूचना तिच्यात नाहीत. ती ऋतुचक्राची कथा आहे, असे एकेकाळी ठामपणे मांडले जाई. आता अभ्यासक तसे मांडताना कचरतात. आणि ऋतुचक्र मानले तरी ते कुठले? पूर्व भूमध्य किनाऱ्यावर पाऊस शरद ऋतूत सुरू होतो आणि उन्हाळा कोरडा जातो. ज्या महिन्यांत तिथे बआलच्या पुनरागमनाची वाट पाहायची, त्याच सुमाराला आपल्याकडे पावसाळा आवरता घेतलेला असतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. रक्तबळी हा या धर्माचा गाभा होता. तो काढला तर उरते काय? आधी एक गैरसमज दूर करू. कनानी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बालबळी येतो. त्याविषयीचा मुख्य पुरातत्त्वीय पुरावा कार्थेजसारख्या फिनिशियन वसाहतींतला, उगारितनंतरच्या कित्येक शतकांचा आहे, आणि तिथल्या कलशांतली बालके बळी दिलेली की आजाराने गेलेली, हा वाद आजही चालू आहे. उगारितच्या विधीपाट्यांत नरबळी नाही. पशुबळी मात्र भरपूर आहे आणि तो लपवून चालणार नाही. इथे भारतातला एक दाखला कामी येतो. 1975 साली केरळमधल्या पांजाळ येथे अभ्यासक फ्रिट्स स्टाल यांच्या पुढाकाराने अग्निचयन हा वैदिक यज्ञ झाला, तेव्हा लोकांच्या विरोधामुळे बोकडांऐवजी केळीच्या पानात गुंडाळलेले तांदळाचे पीठ वापरले गेले. विधी मोडला नाही, कारण मुख्य द्रव्याच्या जागी प्रतिनिधी चालवण्याची सोय त्या परंपरेतच होती. उगारितच्या पोथीत अशी सोय लिहिलेली नाही. पण एलला द्राक्षांचा घड चालतो, एवढे तरी तिथे नोंदलेले आहे. बदली वस्तू मात्र देणाऱ्याला थोडी जड गेली पाहिजे आणि ती सगळ्यांनी मिळून खाल्ली पाहिजे, कारण वाटून खाण्याचा बळी याद्यांत पावलोपावली आहे. बाजारातली अगरबत्ती लावून हे साधणार नाही.

तिसरा प्रश्न यजमानाचा. उगारितचा विधी राजाचा आणि नगराचा आहे. आज राजा नाही आणि नगरही नाही. मग पूजेला बसायचे कोणी? बहुतेक नवे रचनाकार राजाच्या जागी एकट्या साधकाला बसवतात आणि सगळा विधी त्याच्या मनःशांतीसाठी वळवतात. मला हे चुकीचे वाटते, आणि त्याला पर्याय पाट्यांतच आहे. एका प्रायश्चित्तविधीच्या अनेक प्रती सापडल्या आहेत, आणि विधीपाट्यांत ही गोष्ट दुर्मीळ. त्यात उगारितच्या पुत्रांसाठी आणि कन्यांसाठी वेगवेगळी आवर्तने आहेत, आणि तटाच्या आत राहणाऱ्या परक्यांचाही उल्लेख आहे. राग, उतावीळपणा, बळी देताना झालेली हयगय अशा दोषांची यादी येते, हित्ती, हुरी, सायप्रसचे लोक यांची नावे येतात, आणि शेवटी गाढवाचा बळी दिला जातो. गाव मिळून आपल्या चुका मोजते आहे. नव्या विधीला कणा हवा असेल तर तो इथे आहे. बंदरावरच्या, अनेक भाषांच्या नगराने आपल्यातल्या परक्यांनाही सोबत घेऊन शुद्ध व्हायची धडपड केली, आणि आजच्या शहरांना ती बआलच्या गदेपेक्षा जवळची वाटायला हरकत नाही.

मृत धर्माला परंपरा नाही, म्हणून त्याचा नवा विधी हा निव्वळ नाटकीपणा, असे काही जण म्हणतात. महाराष्ट्राला हे सहज पटू नये. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग जमलेल्या लाखो लोकांना स्वतः रचलेल्या बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या नव्या होत्या, त्यांनी त्या नव्या म्हणूनच दिल्या, आणि म्हणूनच त्या टिकल्या. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की बौद्ध धम्माला जिवंत संघ होता आणि समोर लाखो लोकांची निकड होती. कनानी देवांना यातले काही नाही. 2017 च्या एका जनुकीय अभ्यासानुसार आजच्या लेबनॉनी लोकांचा सुमारे 93 टक्के वंशवारसा कांस्ययुगीन सिडोनच्या कनानी लोकांशी जुळतो; पण ते लोक आज मशिदीत आणि चर्चमध्ये जातात. बआलचा झाफोन, म्हणजे आजचा जबल अकरा, तुर्कस्तान-सीरिया सीमेवर उभा आहे. तेव्हा अमेरिकेतल्या गटाने ‘आमच्या पूर्वजांचा धर्म’ अशी भाषा टाळलेली बरी.

संगीताचे उदाहरण घेतले की जुनेच पुन्हा उभे केल्याच्या दाव्याची मर्यादा लगेच कळते. उगारितमध्ये निक्कल देवीचे एक हुरी भाषेतले स्तोत्र सापडले आहे. शब्दांखाली स्वरांतरांची नावे आणि आकडे कोरलेले आहेत. सुमारे 3,400 वर्षांपूर्वीची ही स्वरलिपी, इतकी सविस्तर दुसरी जुनी मिळालेली नाही. अॅन किल्मर, मार्सेल द्युशेन-गिय्येमॅन, मार्टिन वेस्ट यांनी ती वाचून वेगवेगळी गाणी बसवली, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. जिथे स्वर लिहून ठेवलेत तिथे ही गत, मग जिथे फक्त ‘एक मेंढा’ लिहिले आहे तिथे पुरोहित कसा उभा राहिला, काय पुटपुटला, हे कोण सांगणार? या मोकळ्या जागा नव्या माणसाने भरायच्या आहेत, आणि भराव्यात. फक्त त्या जुन्या म्हणून खपवू नयेत. अशा पूजेची पुस्तिका छापताना पाटीवरचा मजकूर एका ठशात आणि स्वतःची भर दुसऱ्या ठशात द्यावी. आणि जो कोणी ती लिहायला बसेल त्याने बआलची कथा काही काळ मिटून ठेवून डेनिस पार्डी यांनी 2002 साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेला विधीपाट्यांचा संग्रह आधी वाचावा.