हेतू चांगला, गोळी चुकीची

जैनांच्या सूत्रकृतांग या ग्रंथात आर्द्रक या जैन मुनीचा बौद्धांशी एक वाद येतो. पेंडीचा गोळा समजून कुणी चुकून माणसालाच सुळावर टोचले, तर पाप लागते का? बौद्ध पक्ष म्हणतो, मारण्याचा हेतूच नव्हता, मग पाप कसले? आर्द्रकाला हे साफ अमान्य आहे. (बौद्धांची बाजू इथे प्रतिपक्षाने मांडलेली आहे, हे ध्यानात ठेवायला हवे.)

म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंथरुणाशी हाच वाद पुन्हा उभा राहतो. सांधे धरल्यामुळे त्याला जिना चढवत नाही. घरच्यांचा जीव कळवळतो आणि कपाटातली आयबुप्रोफेनची गोळी पोळीत दडवून त्याला भरवली जाते. माणसाला सोसणारे हे औषध कुत्र्याच्या जठरात व्रण पाडू शकते, मूत्रपिंडे निकामी करू शकते. कारण वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली रसायनेच जठराचे अस्तर राखतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळतात. आयबुप्रोफेन ज्या गटात मोडते ती ॲस्पिरिनसारखी औषधे त्यांची निर्मितीच रोखतात, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवले.

अज्ञान मात्र सगळे सारखे नसते. दुखणाऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक हे त्याच गटातले वेदनाशामक टोचणाऱ्यांना, त्या गुरांचे शव खाऊन गिधाडे मरतील हे ठाऊक असणे शक्यच नव्हते. ते उलगडले 2004 मध्ये. तिथे हेतूचा युक्तिवाद टिकतो. पण 2006 मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आल्यावरही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच राहिल्या, इतक्या की 2015 मध्ये कुपीचे माप 3 मिलिलिटरवर आणावे लागले. तिथे आर्द्रकच खरा.

कुत्र्याच्या बाबतीतही तोच खरा ठरतो, कारण पशुवैद्य एका फोनवर भेटतो. शिवाय पोटात जळजळते हे कुत्र्याला सांगता येत नाही. त्याच्या वतीने होकार देणाऱ्यानेच त्याची तक्रारही ओळखायची असते. भीतीपोटी औषधच न देणे, हीही दया नव्हे. दुखण्याने खिळलेल्या जिवाला आराम मिळालाच पाहिजे.

त्यासाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम अशी कुत्र्यांना देता येणारी औषधे आहेत. आधी रक्ततपासणी, मग वजनावरून पशुवैद्याने ठरवलेली मात्रा. स्टेरॉइड किंवा दुसरे वेदनाशामक चालू असेल, तर ते आधी सांगायचे. दोन्ही एकत्र द्यायची नाहीत. कुत्र्याने खाणे सोडले, उलटी केली किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.