भिंतीवरचे रक्त

भिंतीवर कोणाच्या तसबिरी आहेत, यावरून घर ओळखता येते. धर्मांतरानंतर आपल्या घरांतील देवदेवता उतरल्या आणि तथागत व पूज्य बाबासाहेब आले. आता परदेशात एक नवी तसबीर निघाली आहे. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून पाठवायचा. त्यातील पेशींतून डीएनए काढतात. त्याचे तुकडे विजेच्या साहाय्याने जेलीसारख्या थरातून सरकवतात. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात आणि पट्ट्या उमटतात. त्यांना आवडीचा रंग दिला की चित्र तयार! कॅनडात ओटावा येथे २००५ साली हा धंदा सुरू झाला.

हे मी शेवगावी वर्गात सांगितले. तेव्हा एका मुलाने विचारले, "गुरुजी, त्यात जात दिसते का?"

प्रश्न लहानाचा, पण तो पिढ्यानपिढ्यांच्या वेदनेतून आला होता. त्याला खरे उत्तर देणे भाग होते. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए ताडून पाहिला तर हजार अक्षरांपैकी सुमारे ९९९ सारखीच असतात. चित्रासाठी मात्र वेगळ्या जागाच मुद्दाम निवडतात. जातिसमूहांत काही फरक शास्त्रज्ञांना आढळतात, हेही खरे. परंतु ते आले कोठून? हैदराबाद व अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या देशातील लोक एकमेकांत भरपूर मिसळले. पुढे ते मिसळणे थांबले. जातीचे मर्म बेटीबंदीत आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच मांडले होते. म्हणजे रक्ताने जात घडवली नाही. जातीने रक्तात कुंपण घातले.

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत शास्त्रज्ञ जॉन सल्स्टन यांचे २००१ सालचे असेच एक चित्र आहे. मार्क क्विन या कलावंताने त्यांच्या डीएनएचे तुकडे जिवाणूंत वाढवून ते पोलादी चौकटीत बसवले. चकाकत्या चौकटीत पाहणाऱ्याचाच चेहरा दिसतो. परंतु सल्स्टन मोठे ठरले ते या तुकड्यांमुळे नव्हे. मानवी जनुकांची माहिती कोणा कंपनीची मालमत्ता न होता सर्वांना मोफत मिळावी, यासाठी ते झगडले म्हणून.

हौसेने कोणी असे चित्र लावले तर त्यात पाप नाही. पण "हाच मी" असे म्हणणे म्हणजे जन्मालाच पुन्हा देव्हाऱ्यात बसवणे होय. उपाली जन्माने न्हावी होता. संघात तो विनयाचा श्रेष्ठ जाणकार ठरला. कोणत्या पट्टीत ते दिसले असते?

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "बाळ, त्या चित्रात तू काय घेऊन आलास ते दिसेल. काय करणार आहेस, ते तुलाच काढायचे आहे."