साम्य कोणते?

चरकसंहितेने धातुसाम्य हेच चिकित्साशास्त्राचे प्रयोजन मानले. परंतु साम्य म्हणजे निरोगी देहाचीच ठरीव मोजमापे, की क्षीण झालेल्या देहातही परस्परविरोधी शक्तींचा नव्याने सिद्ध होणारा समतोल, हा प्रश्न हिपॅटायटिस बी व सी या विषाणूंनी वर्षानुवर्षे जर्जर केलेल्या यकृताने मोठ्या गांभीर्याने उपस्थित केला आहे.

रक्त गोठविणारी फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन आदी बहुतेक द्रव्ये ज्या यकृतात घडतात, तेथेच त्या गोठण्यास आवर घालणारी प्रोटीन सी व अँटिथ्रॉम्बिन ही द्रव्येही घडत असल्यामुळे, अशा दीर्घ आजाराने यकृत व्रणांनी कठीण होऊन सिऱ्होसिस झाला की दोन्ही पक्ष एकदमच दुर्बळ होतात. प्लेटलेट घटतात, उलट रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येणारा व प्लेटलेटना चिकटण्यास साह्य करणारा फॉन विलेब्रांड घटक वाढतो. प्रोथ्रॉम्बिन-काल मोजणारी रूढ चाचणी मात्र पहिल्याच पक्षाची दखल घेते, आणि खर्चाचे सदर न उघडता केवळ जमेवरून ताळेबंद मांडावा, तसे अशा रुग्णाचे रक्त गोठणारच नाही, असे अनुमान दीर्घकाळ काढले गेले. मिलान येथील त्रिपोदी, मान्नुच्ची प्रभृतींनी २००५ साली दोन्ही पक्ष हिशेबात धरून रक्त गोठविणाऱ्या थ्रॉम्बिनची निर्मिती मोजली, तेव्हा ती निरोगी माणसाइतकीच आढळली!

भग्न देहातील या समतोलासही साम्य हीच संज्ञा द्यावी, असे माझे निश्चित मत आहे. तो निर्धोक मात्र नव्हे. जंतुसंसर्ग होताच तो कोणत्याही दिशेस ढळतो, आणि ज्या रुग्णास रक्तस्रावाचे भय, त्याच्याच यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळीही होऊ शकते.