दिवा परत आला का?



आपल्या वणी परिसरात कोळसा ही काही नवलाची गोष्ट नाही. राजूर, उकणी, कोलारपिंपरी ही नावे आपल्या घरांत पगाराच्या तारखेशी आणि पाळीच्या वेळेशी जोडलेली आहेत. पण कामगार सोडले तर त्यांच्या बायकामुलांनी खाण आतून क्वचितच पाहिलेली असते. म्हणून धर्मग्रामातील काही जणांसह आम्ही सावनेरला जाऊन आलो. तेथे वेस्टर्न कोलफील्ड्स आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी 2016 साली खाण-पर्यटन सुरू केले.

ईयोबाच्या ग्रंथाच्या 28 व्या अध्यायात खाणीचे मोठे हुबेहूब चित्र आहे. सोन्या-चांदीसाठी माणूस डोंगर पोखरतो, अंधारात उजेड नेतो, वस्तीपासून दूर दोराला लोंबकळतो. एवढे सगळे खणून काढणाऱ्याला शहाणपण मात्र कोठे सापडते, असा प्रश्न तो ग्रंथ विचारतो. आम्हांला त्या शहाणपणाचा एक कण खाणीच्या तोंडाशी, लॅम्प रूममध्ये सापडला.

भूमिगत खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या टोपीला दिवा असतो. प्रत्येक दिव्याला क्रमांक असतो आणि कोणता दिवा कोणाला दिला याची नोंद ठेवतात. पाळी सुटली की दिवे परत जमा होतात. एखाद्या क्रमांकाची जागा रिकामी राहिली, तर पहिली शंका हीच येते की तो माणूस अजून खालीच आहे. मग आज किती टन कोळसा निघाला हा प्रश्न मागे पडतो आणि शोध सुरू होतो.

संत लूकच्या शुभवर्तमानात, 15 व्या अध्यायात, प्रभू येशू हेच शिकवतो. मेंढपाळाची नव्याण्णव मेंढरे सुखरूप आहेत, तरी त्याचा हिशेब जुळत नाही. एक जागा रिकामी आहे.

खाणीच्या इतिहासात असा एक मेंढपाळ होऊन गेला. 13 नोव्हेंबर 1989 रोजी पश्चिम बंगालमध्ये राणीगंज येथील महाबीर खाणीत पाणी शिरले. सहा कामगार बुडाले, 65 जण आत अडकले. तेव्हा कोल इंडियाचे अभियंता जसवंतसिंग गिल यांनी जमिनीला भोक पाडून त्यातून पोलादी कॅप्सूल खाली सोडण्याची योजना केली. तीत बसून ते स्वतः खाली उतरले, एकेकाला वर पाठवले आणि सर्वांच्या शेवटी वर आले. वर उभे राहून हुकूम देणे त्यांना सहज शक्य होते. धर्माने शीख असलेल्या या माणसाने देहधारणेचा अर्थ आपल्यापुढे उभा केला. आपला प्रभूही वरून नुसती हाक मारून थांबला नाही. तो आपल्यात उतरला, मृत्यूच्या अधोलोकापर्यंत उतरला.

आता आपल्या धर्मग्रामाकडे पाहू या. रविवारच्या मिस्साला किती लोक आले, दान किती जमले, हे आपण मोजतो. कोण आले नाही, हे कोण मोजतो? निवृत्तीनंतर कॉलनी सोडून भाड्याच्या खोलीत गेलेले काका, नवरा गेल्यापासून चर्चची पायरी न चढलेली बहीण, ठेकेदाराकडे ट्रक चालवणारा आणि रविवारीही सुट्टी न मिळणारा तरुण, दारूमुळे घरच्यांनीच ज्याचे नाव घेणे सोडले तो भाऊ. यांचे दिवे अजून परत आलेले नाहीत.

येत्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने अशा एका घरी जावे. जाताना खाणकामगारांची एक रीत लक्षात ठेवावी. समोरच्याशी बोलताना ते टोपीवरचा दिवा खाली वळवतात, कारण तो थेट तोंडावर पडला तर डोळे दिपतात. आपणही ‘मिस्साला का येत नाही?’ असा झोत तोंडावर टाकू नये. बसावे, चहा घ्यावा, त्यांचे ऐकून घ्यावे. खाणीत हरवलेल्याला आधी शोधतात. जाब विचारायचाच असला तर तो नंतर.

पुढच्या रविवारी बाकावर बसताना आपल्या शेजारची जागा जरूर पाहावी. ती रिकामी असेल, तर आपली पाळी अजून संपलेली नाही.

देव आपणां सर्वांना आशीर्वादित करो.

आपले धर्मगुरू