नळीतलं अन्न आणि ताटातलं

आयसीयूच्या दाराबाहेर सतरंजी टाकून बसलेल्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: "पोटात काही गेलं का?" लोणीपासून जामखेडपर्यंत अहिल्यानगर जिल्ह्यात कुठेही जा, पिशवीत शहाळं असतंच. चार घास गेले की ताकद येईल, हा विश्वास. डॉक्टर मात्र नाकातल्या नळीतून तासाला जेमतेम थोडं सोडायला सांगतात, आणि बाहेर कुजबुज सुरू होते: माणसाला उपाशी मारतायत.

कुजबुजीत अगदीच तथ्य नाही असं नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की पेशींमध्ये प्राणवायूचे विध्वंसक रेणू बेसुमार तयार होतात. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. त्यांना आवरणारं ग्लुटाथायोन शरीर तीन अमिनो आम्लांपासून बनवतं, जोडीला सेलेनियम आणि क जीवनसत्त्व लागतं. कुपोषिताकडे हा साठा मुळातच तुटपुंजा. मग बाहेरून भरून टाकला तर?

जगाने ते करून पाहिलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'रेडॉक्स' चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या १,२२३ रुग्णांपैकी काहींना ग्लुटाथायोनचा कच्चा माल असलेलं ग्लुटामाइन, काहींना अँटिऑक्सिडंट दिली. अँटिऑक्सिडंटने फरक पडला नाही. ग्लुटामाइन घेतलेल्यांत सहा महिन्यांअखेर मृत्यू अधिक निघाले. २०२२ च्या 'लोविट' चाचणीत सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागल्यावर, शिरेतून दिलेलं क जीवनसत्त्व अपायकारकच ठरलं. 

असं का होत असावं? गुऱ्हाळाच्या चुलवणाला हवा कमी पडत असताना चिपाड कोंबलं तर रस उकळत नाही, धूर होतो. पहिल्या काही दिवसांत पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियांची गत बरीचशी तशीच असते. इंधन जळत नाही, साखर चढते, ताण वाढतो. २०२३ च्या 'न्यूट्रिरिया-३' चाचणीत सुरुवातीला कमी उष्मांक आणि कमी प्रथिनं मिळालेले रुग्ण आयसीयूतून लवकर बाहेर पडले.

म्हणजे आहाराला महत्त्व नाही असं मुळीच नव्हे. त्याची वेळ आधीची असते. पाथर्डीहून कारखान्यावर निघालेली ऊसतोड मजूर बाई पहाटेच्या अंधारात भाकरी थापते आणि स्वतः शेवटी जेवते. तिचा न्यूमोनिया उद्या कसं वळण घेईल, हे बरंचसं त्या ताटात ठरत असतं. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आरोग्यसेवेसाठी जामखेडला आले, तेव्हा गावकऱ्यांनी दवाखान्याआधी अन्न आणि पाणी मागितलं. दोघांनी ते मानलं, मुलांच्या जेवणापासून आणि विंधन विहिरींपासून सुरुवात केली. आयसीयूतल्या पोषणाची चर्चा मला तिथून सुरू करावीशी वाटते.

कारण उशीर झाल्यावर अन्नही अडून बसतं. महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेल्याला एकदम पोटभर दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं, श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाची लय बिघडते. म्हणून सर्वांत खंगलेल्या रुग्णालाच सर्वांत सावकाश भरवावं लागतं: आधी थायमिन, मग थोडे उष्मांक, रोज रक्ताचा रिपोर्ट, आणि तो पाहून उद्याचं माप.