कॉव्हेंट्रीला पाठवणी

इंग्रजीत एखाद्याला 'कॉव्हेंट्रीला पाठवणे' म्हणजे सगळ्यांनी मिळून त्याच्याशी बोलणे बंद करणे. आपण इथे हौसेने घरे घेतो, मुलांना शाळेत घालतो, आणि इंग्रज मात्र शिक्षा म्हणून माणसांना इथे पाठवतो! सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात राजाच्या बाजूचे कैदी पार्लमेंटच्या बाजूच्या या गावात आणले जात आणि गावकरी त्यांच्याशी चकार शब्द बोलत नसत, अशी त्यामागची एक कथा सांगतात. आपल्याकडे यालाच वाळीत टाकणे म्हणतात. ते इतके भयंकर, की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

मंडळाच्या मिटिंगवर लिहायचे सोडून हे कुठले पुराण, असे तुम्ही म्हणाल. पण हा वाक्प्रचार मला हल्ली तिथेच आठवतो. आपल्यात कोणी कोणाला मुद्दाम वाळीत टाकत नाही. तरीही बैठकीत यंत्रे आली की, कोणाच्याही मनात नसताना, एखादा माणूस अलगद कॉव्हेंट्रीला पाठवला जातो. आणि तो आधीच कॉव्हेंट्रीत राहत असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही!

यंत्राला दोष द्यायला मी बसलेलो नाही. मार्च २०२० मध्ये सगळे घरात अडकले आणि आपल्या बैठका झूमवर सुरू झाल्या, तेव्हा एरवी हॉलवर कधीच न दिसणारी माणसे पडद्यावर दिसू लागली. तान्हे मूल मांडीवर घेतलेली आई, गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणारे आजोबा, वॉर्डमधली शिफ्ट संपवून युनिफॉर्मवरच बसलेली नर्स. ही मंडळी आपली नव्हती का? होतीच की. फक्त संध्याकाळी सात वाजता गाडी काढून येऊ शकणाऱ्यांनाच आपण इतकी वर्षे 'सर्व सभासद' म्हणत होतो.

मग हॉल पुन्हा उघडले आणि मधला मार्ग निघाला: अर्धे हॉलमध्ये, अर्धे पडद्यावर. टेबलाच्या टोकाला एक लॅपटॉप. हॉलमधले चिवडा खात एकमेकांत बोलतात, कोणीतरी कोटी करते, हशा पिकतो, आणि पडद्यावरची माणसे काय झाले ते न कळता कसनुसे हसतात. एखाद्या काकूंनी वर केलेला पिवळा हात तसाच राहतो. शेवटी 'ऑनलाइन कोणाला काही बोलायचंय का?' असे विचारले जाते, तोवर विषय संपलेला असतो. इतिवृत्तात त्या काकू मात्र 'उपस्थित'.

या देशात हा प्रश्न एका अगदी छोट्या सभेमुळे गाजला. चेशायरमधल्या हँडफर्थ पॅरिश कौन्सिलची डिसेंबर २०२० मधली झूमवरची बैठक फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वत्र पाहिली गेली. बैठक चालवायला आलेल्या जॅकी वीव्हर यांनी आरडाओरडा करणाऱ्या अध्यक्षांनाच बैठकीबाहेर काढले. लोक पोट धरून हसले, मीही हसलो. पण त्यातली खरी गोष्ट नंतरची. २०२२ मध्ये चौकशीचा अहवाल आला, त्यात म्हटले होते की त्यांची कृती समजण्यासारखी असली तरी तसा अधिकार त्यांना नव्हता. अधिकार नव्हता, बटण होते. समोरासमोरच्या सभेत अध्यक्षांना दंडाला धरून बाहेर काढायला दहादा विचार करावा लागला असता. आपल्या बैठकीत होस्ट कोण, म्यूट कोण करते, हे आपण कधी ठरवले आहे का? ज्याच्याकडे झूमचे खाते, तो होस्ट. झाले!

दुसरे प्रकरण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पोलचे. गणपतीचा कार्यक्रम शनिवारी की रविवारी, यासाठी पोलसारखे साधन नाही. पण 'यंदा जेवण घरी करायचे की केटररकडून' हाही पोलच. बहुमत घरच्या जेवणाला, आणि ते रांधणाऱ्या चार जणी अल्पमतात. हात मोजले गेले, पण त्या 'नको' का म्हणत होत्या ते विचारायला पोलमध्ये जागाच नव्हती.

इथे मला गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) आठवते. धानोरा तालुक्यातले पाचशेच्या आसपास वस्तीचे हे गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामामुळे गाव सर्वदूर माहीत झाले. तिथे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. कोणाचा विरोध असला तर पुन्हा बसायचे. शिवाय वेगळा अभ्यास गट असतो: तिथे माहिती घ्यायची, बाहेरच्या जाणकारांशी बोलायचे, पण निर्णय घ्यायचा नाही. तो ग्रामसभेचा. असल्या संथ पद्धतीने चालणाऱ्या या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा हक्क मिळालेल्यांपैकी ते एक.

आपण काही मेंढा नव्हे. आपला हॉल तासाच्या भाड्याने, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कामावर जायचे. प्रत्येक गोष्टीला सहमती म्हटली तर दिवाळीचा कार्यक्रम शिमग्याला होईल. पण अभ्यास गटाची युक्ती उचलण्यासारखी आहे. हिशेब, हॉलचे दर, केटररची पत्रके आठवडाभर आधी ग्रुपवर टाकावीत, शंका तिथे फेडाव्यात. म्हणजे प्रत्यक्ष बसू तेव्हाचा वेळ फक्त अडलेल्या गोष्टीला मिळेल. आणि ज्याच्या अंगावर काम पडणार, त्याचे ऐकल्याशिवाय पोल टाकू नये.

आता तर बैठकीचे इतिवृत्त लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. सेक्रेटरींचा रविवार वाचतो, हे खरे. पण मराठी माणूस 'बघू', 'बरं, तुम्ही म्हणता तर' असे म्हणतो, तेव्हा निम्म्या वेळा त्याला 'नको' म्हणायचे असते. यंत्र लिहिते, 'प्रस्ताव मान्य.' ते इतिवृत्त पाठवण्याआधी सेक्रेटरींनी त्या 'बघू' म्हणणाऱ्याला एक फोन करावा. पाच मिनिटे लागतात. काकूंना तर दोनदा करावा लागेल, त्या पहिल्यांदाही 'बघू'च म्हणतील.